जोधपूरहून अकोल्याला, नर्मदा न ओलांडता

प्रिय ईशा आणि निखिल,

परवा व्हिडिओ कॉलवर निखिलने फोनमधला तो नकाशा दाखवला. टोरांटोहून दिल्ली इतके किलोमीटर, दिल्लीहून नागपूर इतके, विमान अमुक वाजता सुटणार आणि तमुक वाजता टेकणार. वर म्हणाला, "आजी, यात आता काही गंमतच राहिली नाही. अंतर भागिले वेग, की आला वेळ!" मी हसले, तर तुम्हा दोघांना वाटलं की आजीला भागाकार समजला नाही.

भागाकार मला चांगला समजतो, बाळांनो. मी हसले ते दुसऱ्याच कारणाने. ईशा, तू त्या वेबसाइटवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतेस आणि मग मला मेसेज करतेस... "आजी, तुला कधी असं काही झालं का गं?" मी दर वेळी "छे" म्हणून टाळत आले. खरं म्हणजे ही गोष्ट सांगायचा मान तुमच्या आबांचा होता. ते म्हणायचे, "उत्तर सापडू दे, मग पोरांना सांगू." उत्तर सापडलं नाही आणि आबा गेले. मीही नव्वदी ओलांडली. तेव्हा आता उत्तराशिवायच सांगते.

आधी एक स्पष्ट करते. माझ्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगलेली नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्याला आधी जाऊ दिलं आणि मग माझी वाट धरली, एवढंच. कॉलेजात इंटरला माझा लॉजिक विषय होता आणि त्यात मला चांगले मार्क होते. असल्या माणसाच्या आयुष्यात हे घडलं — आणि तेही माझ्या स्वतःच्या लग्नात!

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. वऱ्हाड तेव्हा सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये होता, राजधानी नागपूर. आमचं घर अकोल्याला, जठारपेठेत. शेती अकोटकडे, पण माझे वडील — त्यांना आम्ही दादा म्हणायचो — हायस्कुलात भूगोल शिकवत. मला त्यांनी अमरावतीला कॉलेजात ठेवलं, तेव्हा आमच्या भावकीत बरीच चर्चा झाली होती. त्यात पुढाकार आत्याचा, म्हणजे दादांच्या थोरल्या बहिणीचा. "पोरीले कलेक्टर करता काय?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

अमरावतीलाच तुमच्या आबांचं स्थळ आलं. बी. एस्सी. झालेले, हवामान खात्यात नोकरी, नेमणूक जोधपूरच्या विमानतळावर. गॅस भरलेला फुगा आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवून वर वारा कुठला, किती वेगाचा, ते काढायचं, हे त्यांचं काम. आत्या म्हणाली, "म्हणजे जत्रेत फुगे इकते तसंच ना!" मला बघायला आले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही आभाळाकडे बघता का?" मी म्हटलं, "अंगणात कुरड्या वाळत असल्या की बघते." ते इतके मोकळे हसले, की मी मनात त्याच दिवशी होकार देऊन टाकला.

आता लग्नाचा दिवस. वैशाखातला शेवटचा मुहूर्त, दुपारी साडेचारच्या सुमाराला. त्या वर्षी ज्येष्ठात मुहूर्त नव्हता, पुढचा थेट दिवाळी झाल्यावर. वऱ्हाडी मंडळी अमरावतीहून आदल्या दिवशीच रेल्वेने आली होती. नवरदेव मात्र आले नव्हते! त्यांच्या जागी यायचा माणूस आजारी पडला, साहेबाने रजा अडवली, आणि सकाळी तार आली: रजा मिळाली, विमानाने येतो, दुपारी बाराला निघतो, अकोल्याला उतरतो.

विमानाने! तुम्हाला आज टॅक्सी बोलावल्यासारखं वाटेल. आमच्या अकोल्यात त्या तारेने काय गोंधळ उडाला! शिवणीजवळ लढाईच्या दिवसांत विमानांसाठी धावपट्टी केली होती, पण तिच्यावर आता गुरं चरत. मागाहून कळलं, कोणा धनिकाचं छोटं विमान रिकामंच नागपूरला चाललं होतं आणि पायलटने वाटेत अकोल्याला सोडायचं कबूल केलं होतं.

दादांनी ताबडतोब ॲटलास काढला. जोधपूरवर बोट ठेवून दोरा ताणला, अकोल्यावर दाबला, स्केलवर मोजला. "साडेचारशे मैलांच्या वर थोडं. असलं विमान ताशी सव्वाशे-दीडशे मैल जाते. साडेतीन तास धरा. मुहूर्ताच्या आधी तासभर पोरगा दारात!" दादांचा चेहरा असा फुलला होता, जसं काही ते विमान त्यांनीच उडवलं होतं.

साडेतीन वाजले. आकाश कोरं. चार वाजले. मंडपातली निम्मी माणसं माना वर करून उभी. एक घार दिसली तरी "आलं, आलं!" असा गलका व्हायचा.

मी आतल्या खोलीत गौरीहराशी बसले होते. दाराच्या समोरच ओटीवर जोशीबुवांनी घटिका मांडली होती. तुम्ही ती पाहिलेली नाही, म्हणून सांगते. पाण्याने भरलेलं तांब्याचं मोठं घंगाळ, आणि त्यात तरंगणारी तांब्याची छोटी वाटी. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाणी हळूहळू आत येतं आणि बरोबर चोवीस मिनिटांनी वाटी बुडते. ती झाली एक घटिका. जोशीबुवा वाटी काढून पुन्हा सोडत आणि भिंतीवर कुंकवाचं बोट ओढत. घरात घड्याळ असलं तरी लग्न लागायचं ते घटिकेवर. ती पाण्यात असताना तिला कोणी हात लावायचा नाही, हा कडक नियम.

जोशीबुवांनी शेवटची घटिका सोडली आणि घसा साफ केला. "दादासाहेब, ही बुडाली की मुहूर्त गेला. वर मंडपात हवा."

तशी आत्या उठली.

"पोरीले हळद लागली आहे, दादा. हळद लागलेली पोरगी बिनलग्नाची घरात ठेवता काय? लोक काय म्हणतील? माहे दीर बसले आहेत समोर. त्यायले उभं करा आन् मोकळे व्हा."

आत्याचे दीर म्हणजे बापूसाहेब. अकोटला जिनिंग फॅक्टरी, चाळिशीचे, पत्नी वारलेली, दोन मुलं. नवा फेटा बांधून ते पहिल्या रांगेत बसले होते. तो फेटा पाहुण्याचा होता की नवरदेवाचा?

दादा म्हणाले, "ताई, काहीतरीच काय बोलून राहिली?"

"काहीतरीच? मंग विमान दाखव मले!"

तेवढ्यात माझे सासरे — तेव्हा अजून व्हायचे होते — उभे राहिले. तापट माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज खाली होता. "मास्तर, माया पोरानं आमचं तोंड काळं केलं. घटिका बुडाली तर तुमी मोकळे. मी तुमाले शब्दात अडकवणार नाही."

म्हणजे चोवीस मिनिटांत माझा नवरा ठरणार होता, आणि ठरवणार होती एक वाटी! मी अठरा वर्षांची, लॉजिक शिकलेली, कपाळाला मुंडावळ्या बांधून तिच्याकडे टक लावून बसले. माझ्याजवळ सरूबाई होती. गावातल्या मोर्णा नदीच्या काठी तिचा मळा, आमच्याकडची सगळी फुलं तिच्याकडून येत. तिने माझा हात धरला होता. "रडू नको वं माय, काजळ उतरते. मी पाहून राहिली ना."

पाणी चढत होतं. पाव वाटी... अर्धी... पाऊण. मग काठाशी आलं.

आणि तिथेच थांबलं.

मी डोळे चोळले. वाटीच्या आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीत, मध्ये तांब्याची नुसती एक रेघ. ती केव्हाच बुडायला हवी होती. बुडेना! जोशीबुवांनी मांडी बदलली. वाकून पाहिलं. दादांनी खिशातलं घड्याळ काढलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "बुवा, वेळ होऊन गेला."

"घटिका बुडाली नाही, दादासाहेब. मला घड्याळ दाखवू नका."

"काहून बुडत नाही?" आत्या पुढे सरसावली. घंगाळाशेजारची हळदकुंकवाची कोयरी सरळ करायचं निमित्त करून ती घंगाळावर वाकली. मागे झाली तेव्हा सरूबाईने माझा हात इतका आवळला, की बांगडी पिचली.

"माय बाई! तिनं सुपारी टाकली घटिकेत!"

जोशीबुवांनीही पाहिलं. वाटीच्या तळाशी एक आख्खी सुपारी. म्हातारा संतापाने लाल झाला. "घटिकेत सुपारी कोणी टाकली? सात पिढ्यांत असा अधर्म पाहिला नाही!" आत्या आभाळाकडे बघत उभी. पण बुवा बोलता बोलता थांबले, कारण त्यांच्या लक्षात आलं ते एव्हाना सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. काठोकाठ भरलेल्या वाटीत सुपारी पडली, आणि वाटी तशीच. हललीसुद्धा नाही.

आणि मग आवाज आला.

आधी वाटलं मधमाश्या. मग वाढला, घरावरून गेला, कौलं थरथरली. "विमान! विमान!" सगळा मंडप उठून रस्त्यावर धावला. बाया, पोरं, आचारी हातातला झारा घेऊन! वाजंत्रीवाल्यांनी कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. खिडकीतून मला ते दिसलं, इतकं खाली, की पंखांखालचे चाकांचे पायसुद्धा दिसले. एक घिरटी घेऊन ते शिवणीकडे वळलं.

पण शिवणी तिथून तीन-चार मैल! टांगा जाऊन येईपर्यंत काय राहणार होतं? दादा नुसतेच "अरे... अरे..." करत उभे होते. तेव्हा पहिल्या रांगेतून बापूसाहेब उठले. फेटा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, माही मोटार उभी आहे. मी घेऊन येतो पोराले."

"तुमी बसा!" आत्या ओरडली. "तुमी कुठं चालले?"

"वहिनी, तुमी साऱ्या गावाले इचारलं, मले इचारलं होतं काय? मले नाही करायचं लगन." आणि गेले की भुर्रकन, धुरळा उडवत! त्या माणसाबद्दल मी मनात जे जे आणलं होतं, ते सगळं तिथल्या तिथे परत घेतलं.

मोटार परत आली तेव्हा तुमचे आबा धुळीने नखशिखांत पिवळे झालेले. डोळे तेवढे चमकत होते. कोणी त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतला, कोणी अंगावर उपरणं टाकलं. मामाने मला उचलून आणलं, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. घटिका तोवर तशीच होती, बरं का! तांब्याची रेघ पाण्याच्या बरोबरीत. शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट दूर झाला, मी हार घातला... आणि ओटीवरून "डुब्" असा आवाज आला. जोशीबुवांनी डोळे मिटून हात जोडले. दादांच्या घड्याळाप्रमाणे त्या एका घटिकेला दोन घटिकांहून जास्त वेळ लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, भोकात हळद अडकली असेल. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी जोशीबुवांकडून वाटी मागवून घेतली, दादांचं घड्याळ शेजारी ठेवलं आणि पाण्यात सोडली. बरोबर चोवीस मिनिटं. पुन्हा सोडली, पुन्हा तेवढीच. मग तीत सुपारी टाकून पाहिली. काठाला पाणी यायच्या आधीच गडप!

पण खरी गंमत निराळीच होती. ती मला लग्नाच्याच संध्याकाळी जेवणाच्या पंगतीत कळली होती. पायलट पंजाबी होता. त्यालाही मंडपात आणून बसवलं होतं, पण तो वरणभाताला हात लावेना. नुसता माझ्या नवऱ्याकडे बघत होता. शेवटी आबांनी मला हळूच सांगितलं.

विमान बाराला निघालंच नव्हतं. जोधपूरला वाळूचं वादळ झालं आणि ते अडकून पडले. निघाले तेव्हा अडीच वाजले होते! दादांच्या दोऱ्याचा हिशेब धरला तर विमान सहाला टेकायला हवं. प्रत्यक्षात ते पावणेपाचला आमच्या घरावर होतं!

"मग मधे काय झालं?" मी विचारलं. नवी नवरी नवऱ्याशी पंगतीत बोलते आहे, हे बघून तिकडे आत्याने डोक्याला हात लावला.

ते म्हणाले, पहिले दोन तास सगळं नेहमीसारखं. मग समोर पिवळट धुळीचा पडदा आला. आत शिरल्यावर खाली-वर काही दिसेना. इंजिन नीट चाललेलं, होकायंत्र नीट. दोघांनाही वाटलं, दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. पडदा संपला आणि खाली काळी नांगरलेली जमीन, जिनिंगची धुराडी, एक नदी.

पायलट म्हणाला, "इंदौर आ गया."

आबांनी खाली पाहिलं. नदीच्या वळणावर किल्ल्याची भिंत. अमरावतीहून येता-जाता शंभरदा पाहिलेली. "साहब, ये अकोला है."

"पागल हो गए हो? अभी तो नर्मदा भी नहीं आई!"

खरंच आली नव्हती. नर्मदा लहान ओढा नाही, की चुकून नजरेआड होईल. तिच्या पुढे सातपुडा, पुढे तापी, पूर्णा. यातलं एकही त्यांनी ओलांडलं नव्हतं. निदान त्यांच्या डोळ्यांनी तरी. पायलट एकदा शहरावर फिरला, धावपट्टीवरची गुरं पळाली तेव्हा उतरला, आणि उतरल्याबरोबर त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे टाकीत पट्टी घालून पेट्रोल मोजलं. मग पुसून पुन्हा मोजलं. हिशेबापेक्षा तासाभराहून अधिक उड्डाणाचं पेट्रोल शिल्लक होतं. घड्याळ चुकलं म्हणावं, तर पेट्रोल कसं चुकलं?

निखिल, तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. पाठीवर जोराचा वारा असेल! अरे, वारा मोजणं हाच तर तुझ्या आबांचा धंदा. त्या सकाळी फुगा त्यांनी स्वतःच सोडला होता. वारा पाठीशी होता खरा, पण दहा मैलांचा, कपडे वाळवण्याइतका. परत गेल्यावर त्यांनी वाटेतल्या ठाण्यांची त्या दिवसाची निरीक्षणं मागवली. सगळीकडे तेच. एवढ्या वेळात तेवढं अंतर काटायला वारा ताशी सत्तर-ऐंशी मैलांचा लागतो, आणि तसा वारा असता तर त्या दिवशी आमचा मंडप चार गावं पुढे सापडला असता.

पायलट दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. आम्ही दोघं त्याला सोडायला शिवणीला गेलो होतो. विमानात चढताना त्याने आबांचा खांदा धरला. "भाई, किसी से कहना मत. मेरा लाइसेंस जाएगा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बहनजी, आपने कोई मन्नत मानी थी क्या?"

मी म्हटलं, "जी नहीं. मैं तो सिर्फ़ कटोरी देख रही थी."

त्याला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? आबांनाही घटिकेचं तोवर कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा. परतताना टांग्यात मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी काठाशी येऊन थांबलं, तेव्हा किती वाजले होते?" मी दादांच्या घड्याळावरून सांगितलं. त्यांनी टांगेवाल्याला टांगा थांबवायला लावला आणि रस्त्यात उतरून उभे राहिले. त्याच सुमाराला ते पिवळ्या धुळीत होते.

आयुष्यभर ते या गोष्टीच्या मागे होते, पण कधी घाबरून नाही. मोठ्या उत्साहाने! नवं पुस्तक आलं, की रात्री मला उठवायचे. "ऐक, हे लागू पडतं का बघ." मी लॉजिकवाली, मी ते खोडून काढायची. मृगजळ, धूळ, चुंबकत्व, सगळं झालं. एकदा तर आत्याला बोलावून सुपारीचं वजन विचारलं त्यांनी! ती ऐंशीची होती. म्हणाली, "जावाई, मले काय माहीत? मी तं वाटी बुडवायसाठी टाकली होती, पण बुडाली नाही. देवाले तुमीच पाहिजे होते." आबा म्हणाले, "आत्याबाई, हे सोडून बाकी सगळं मी तपासलं आहे."

मी आजही देवाचं नाव घेऊन हे मिटवणार नाही, आणि भुताचंही नाही. दहा-पंधरा मिनिटांत नर्मदा, सातपुडा आणि शंभर-दीडशे मैल कुठे गेले, आणि इकडे एका वाटीने पाणी का घेतलं नाही, हे मला माहीत नाही. आबांनाही कळलं नाही. तुम्हाला कळलं तर जरूर कळवा. मी खोडून काढायला बसलेलीच आहे.

जोशीबुवांचं घर पुढे विकलं गेलं, त्यात ती वाटीही गेली. पायलटची पुन्हा काही खबर मिळाली नाही. बापूसाहेब, आत्या, सरूबाई, दादा, कोणी राहिलं नाही. आमचा संसार एक्कावन्न वर्षं झाला. शिवणीची धावपट्टी अजून आहे. त्या मंडपातली मी एकटी आहे.

— तुमची आजी, अमरावती